साबातोच्या गोळ्या

जुलैतल्या शेवटच्या रविवारी मी गावी गेले तेव्हा आईने दार उघडलं आणि नेहमीसारखा माझा चेहरा धरायला दोन्ही हात पुढे केले. मी नकळत मागे सरकले. तिचे तळवे नारिंगी झाले होते. काही सांडून डाग पडावा तसे नव्हे. रंग कातडीच्या आतून वर आल्यासारखा वाटत होता, आणि रेषांमध्ये तर तो जवळजवळ विटकरी दिसत होता.

"हे काय लावलंयस?"

"काय लावणार? टोमॅटो सोलतेय आठवडाभर. रसाच्या बाटल्या भरायच्या नाहीत का?"

"बाटल्या आपण ऑगस्टात भरतो."

"यंदा लवकर पिकलेत," असं म्हणून ती स्वयंपाकघराकडे वळली.

आमच्या कासालव्हिव्होत, दक्षिण इटलीतल्या या गावात, हे उत्तर कुणालाही पटलं असतं. डोंगराच्या या बाजूला उन्हाळ्यात सगळंच लाल होतं. कारखान्याकडे जाणारे ट्रक वळणावर टोमॅटो सांडत जातात, चाकांखाली त्यांचा लगदा होतो, आणि शिजणाऱ्या रसाचा वास पडद्यांत, केसांत, अंथरुणात बसतो. माझे बाबा, साबातो क्वोमो, जन्मभर त्याच वासात राहिले. रस आटवायच्या कढयांवर त्यांची नोकरी होती. फेब्रुवारीत ते गेले. जेवून उठले, खुर्चीची पाठ धरली आणि उभ्याउभ्याच गेले, असं आईने सांगितलं. मी सालेर्नोच्या बंदरात फेरीबोटीची तिकिटं देते. मी पोचले तोवर शेजारणींनी त्यांना काळा सूट चढवून ठेवला होता.

त्या रविवारी मी आईला नळापाशी उभी केली आणि तिचे हात साबणाने, मग लिंबाने घासले. पाणी स्वच्छच वाहत राहिलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता सोड, मासे करपतील."

जेवण झाल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी टेबल पुसत होते. आतून खोकला ऐकू आला. दोनदा, आखूड, शेवटी घसा खरवडल्यासारखा. फडकं हातात धरून मी तशीच उभी राहिले. बाबा आयुष्यभर असेच खोकायचे.

दार उघडून आई बाहेर आली. "कॉफी टाकलीस का?" तिने विचारलं.

त्यानंतर दोन रविवार मला सुटी मिळाली नाही. उन्हाळ्यात बेटांवर जाणाऱ्यांची इतकी झुंबड असते. फोनवर आई ठणठणीत बोलायची. फक्त एकदा म्हणाली की उठताना जरा गरगरतं, आणि एकदा म्हणाली की नाकातून थोडं रक्त आलं, उन्हामुळे असेल. तिचं हृदय अधूनमधून ताल चुकतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी तिला कायमची लागलेली आहे. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. ती म्हणाली, बघू.

मग मी गेले तेव्हा रंग तिच्या चेहऱ्यावर आला होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळावर, हनुवटीखाली. एरवी ती निस्तेज आणि पांढुरकी. आता ती काचेमागे दिवा लावल्यासारखी दिसत होती. मी तिला तशीच बाबांच्या गाडीत घातली आणि नोचेराच्या इस्पितळात नेली.

तिथे इओव्हिने नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. माझ्याहून लहान, केस वर बांधलेले, आवाजात घाई नाही. त्यांनी आईला खिडकीशी नेलं आणि खालची पापणी ओढून बघितली.

"मुली, घाबरू नकोस," त्या मला म्हणाल्या, जणू त्याच वयाने मोठ्या होत्या. "कावीळ असती तर डोळे पिवळे झाले असते. हे बघ, दुधासारखे आहेत."

रक्त तपासलं, यकृताची सोनोग्राफी झाली. सगळं ठीक होतं. फक्त रक्त जरुरीपेक्षा जास्तच पातळ झालेलं होतं.

"दोन्ना ओर्तेन्सिया, तुम्ही टोमॅटो किती खाता?" आईला मानाने दोन्ना म्हणत त्यांनी विचारलं.

"बाई, मी कासालव्हिव्होची आहे."

डॉक्टर हसल्या. "ते मान्य. पण तेवढ्याने एवढा रंग चढत नाही. टोमॅटोचा अर्क, एखादी ताकदीची गोळी, कुणी दिलेलं टॉनिक, असं काही घेताय का?"

"काही नाही."

"गाजराचा रस?"

"तो ससे पितात."

"दोन्ना ओर्तेन्सिया, या रंगाने माणूस मरत नाही. थांबवलं की महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. पण तो जिथून येतोय ते तुमच्या रक्ताच्या गोळीशी भांडत असेल, तर मला कळायला हवं."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. डॉक्टरांनी रक्ताची गोळी कमी केली, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं आणि दारापर्यंत सोडायला आल्या. "काहीतरी घेतायत त्या," मला हळूच म्हणाल्या. "घरी गेल्यावर बघ."

मी घरी बघितलं. औषधांचं कपाट, फडताळ, पलंगाखाली. काही सापडलं नाही.

पुढच्या वेळी मी न कळवता गेले. दुपारी आगगाडीतून उतरले तेव्हा कोंत्रोरा सुरू झाली होती. जेवणानंतरच्या त्या वेळेला आमच्याकडे कुणी बाहेर पडत नाही. खिडक्यांच्या झडपा बंद असतात, कुत्री भिंतीला चिकटून पडलेली असतात, आणि लहानपणी आम्हाला सांगायचे की या वेळेला जे रस्त्यावर चालतात ते सगळेच जिवंत असतात असं नाही. मी आमच्या अंगणाच्या कमानीतून आत शिरले आणि थांबले.

अंगणात बायका बसल्या होत्या. आपापल्या घरच्या खुर्च्या घेऊन आलेल्या, भर उन्हात, भिंतीकडेने ओळीने. कुणी बोलत नव्हतं. कुणी पंख्याने वारासुद्धा घेत नव्हतं. सगळ्यांची तोंडं आमच्या दाराकडे होती.

दारात राकेले उभी होती. ती समोरच्या घरात राहते. तिचा एकुलता मुलगा एमिद्यो दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडला आणि तेव्हापासून अंथरुणावर आहे. डोळे उघडे असतात, पण बघत नाहीत.

"लोरे, हळू," ती कुजबुजली. "एक जण आत आहे."

"आत काय चाललंय?"

"तुला आईने सांगितलं नाही?" तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "तिच्या हातांवर देवाची खूण आली आहे."

मी तिला बाजूला सारून आत गेले. झडपा बंद होत्या, फटींतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या. आई बाबांच्या खुर्चीत बसली होती, दोन्ही तळवे वर करून मांडीवर ठेवलेले. त्या अंधारात ते तळवे आणि तिचा चेहरा एवढंच दिसत होतं. तिच्या समोर गल्लीच्या टोकाची म्हातारी दोन्ना ब्रिजिदा गुडघ्यांवर बसली होती.

"एवढं विचार ना त्याला," ब्रिजिदा विनवत होती. "साबातो भला माणूस होता, नाही म्हणणार नाही. नापोलीच्या लॉटरीचे तीन आकडे, मेलेल्यांना ते ठाऊक असतात. तीनच. चौथा मी माझा लावीन."

"तो आकडे सांगत नाही, ब्रिजिदा."

"मग सांगतो तरी काय?"

"काही नाही. खोकतो."

मी दिवा लावला. ब्रिजिदा दचकून उठली, गुडघे चोळत मला शिव्या घालत बाहेर गेली. मी अंगणात जाऊन सगळ्यांना घरी जायला सांगितलं. कुणी भांडलं नाही. खुर्च्या उचलून एकामागून एक कमानीतून निघून गेल्या. जाताना एकीने आमच्या उंबऱ्याला बोट लावून ते ओठांना लावलं.

"मी कुणाला बोलावलं नाही," आई म्हणाली. "येतात, बसतात, जातात. माझ्या नाकातून रक्त आलं तर राकेलेने तो रुमाल पूजेला ठेवायला नेला. मी काय करू?"

"नाही म्हण!"

"राकेलेला? ती रोज मुलाच्या पापण्या बोटांनी मिटते, झोप म्हणून. तिला तू नाही म्हणून दाखव."

हाताला काहीतरी काम हवं म्हणून पलंगावरची चादर काढायला आत गेले. आईची उशी भिंतीच्या बाजूला असते. तिच्यावर नारिंगी डाग होता, घामाचा, फिकट. ते मला अपेक्षितच होतं. मग मी दुसरी उशी उचलली, बाबांची. तिच्यावर चेहरा होता. कपाळ, एक गाल, नाकाची बाजू, मिटलेल्या डोळ्याच्या जागी फिकट खळगा. चेहरा आईपेक्षा मोठा दिसत होता. पण कापडावर घाम पसरतोच, असं मी स्वतःला सांगितलं.

"आई, तू या बाजूला झोपतेस?"

ती दारात उभी होती. "फेब्रुवारीपासून त्या बाजूला कुणी झोपलेलं नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. मला वाटलं, झोपेत ती ती उशी कवटाळत असेल. अजूनही मला तेच वाटतं. पण तेव्हा मी ती उशी जागेवर ठेवली आणि हात पाण्याखाली धरला.

मी मुक्काम केला. सकाळी घंटा वाजली. अंगणात कुरियरवाला होता, हेल्मेट डोक्यावरच.

"क्वोमो साबातो?"

मी त्याच्या हातातल्या खोक्याकडे बघितलं.

"क्वोमो साबातो इथेच राहतात ना?" त्याने खोक्यावरचं नाव परत वाचलं. "दर महिन्याला असतं त्यांचं."

मी खोकं घेतलं, टेबलावर ठेवलं आणि सुरीने फाडलं. आत चकचकीत डबे होते. डब्यावर कापलेल्या टोमॅटोचं चित्र, खाली 'लायकोपीन, नैसर्गिक अँटीऑक्सिडंट, पुरुषांच्या आरोग्यासाठी'. एका डब्यातून मी पट्टी बाहेर काढली. मऊ, गडद लाल, आतला द्रव हलणाऱ्या गोळ्या.

आई आली. खोकं बघून खुर्चीवर बसली आणि एप्रनला हात पुसू लागली.

"प्रोस्टेटसाठी घ्यायचा तो," ती म्हणाली. "टीव्हीवर जाहिरात बघून मागवल्या होत्या. म्हणायचा, जन्मभर मी टोमॅटो डब्यात भरले, आता टोमॅटोने मला भरू दे. पैसे खात्यातून आपोआप जातात. तो गेल्यावर पहिलं खोकं आलं तेव्हा मी परत करायला निघाले होते. कमानीपर्यंत गेले. मग वाटलं, त्याच्या नावाने कुणीतरी घंटा वाजवतंय. तेही बंद करायचं?"

"मग घ्यायला का लागलीस?"

"तो जेवल्यावर एक घ्यायचा, आतल्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून. मी एकदा त्याच जागी बसून घेतली. गोळी घशाखाली गेली आणि तो खोकला." तिने गळ्याला हात लावला. "इथे, लोरे. माझ्या घशात. मी खोकत नव्हते. दुसऱ्या दिवशी परत घेतली. मग संध्याकाळीही. मग एका गोळीने तो येईनासा झाला."

"किती घेतेस?"

तिने मान खाली घातली. "मूठभर नाही. पण बऱ्याच."

डब्यातला कागद उघडून मी मोठ्याने वाचला. दिवसाला एक. त्याहून जास्त घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर तेच. पोटात दुखू शकतं, जुलाब होऊ शकतात. अतिरेकाने त्वचेला रंग येऊ शकतो.

"लिहिलंय ना सगळं," मी ओरडले. "तुझ्या घरात छापून येतंय दर महिन्याला!"

"ते त्याच्यासाठी लिहिलंय. माझ्यासाठी कुठे?"

मी विचारलं, बाकीचे डबे कुठे आहेत. तिने बाबांच्या जुन्या रबरी बुटांकडे बोट दाखवलं. दोन्ही बुटांत पट्ट्या कोंबलेल्या होत्या. पण इतक्या महिन्यांच्या मानाने त्या कमी वाटल्या.

"एवढ्याच?"

"थोड्या राकेलेला दिल्या."

"कशाला?"

"तिने बघितलं मला घेताना. म्हणाली, साबातोचे दाणे मलाही द्या. मला वाटलं ती घेईल, बिचारीला बरं वाटेल." आईने माझ्याकडे बघितलं आणि बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. "लोरे, तिचे हात तर पांढरेच आहेत."

आम्ही दोघी एकदम उठलो.

राकेलेच्या घरात औषधी साबणाचा वास होता, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, जड. ती आम्हाला बघून उजळली. "मी बोलवणारच होते. चला, बघा त्याला."

एमिद्यो खिडकीशी पलंगावर होता. वसंतात मी त्याला पाहिलं होतं तेव्हा तो मेणाचा वाटला होता. आता तो समुद्रावरून परत आलेल्या मुलासारखा दिसत होता. गाल भरल्यासारखे, कपाळावर रंग, चादरीवर ठेवलेले तळवे पिकलेले. डोळे छताकडे होते, पांढरे, ओले, आणि त्या रंगात इतके मोठे दिसत होते की मला वाटलं तो आता मान वळवेल. तो किती देखणा होता हे मी विसरले होते. आणि त्याच क्षणी मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं, कारण तो चेहरा जिवंत माणसाचा होता आणि त्याच्या आत कुणी नव्हतं.

"रक्त फिरायला लागलंय," राकेले म्हणाली. "मी सुईने टोचते दाणा, आणि नळीतून सोडते, सूपाबरोबर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. काल माझं बोट दाबलं त्याने."

त्याच्या पोटात जेवणाची नळी होती. अंथरुणावर पडून रक्त गोठू नये म्हणून पोटातच रोज इंजेक्शन दिलं जायचं. मी नळीकडे बघितलं. तिच्या वाकलेल्या भागात कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी अडकलं होतं. त्याच्या हिरड्यांच्या कडेला काळपट रेघ होती.

"राकेले, हे कधीपासून आहे?"

"ते जुनं बाहेर पडतंय. घाण निघून जाते आधी."

"संडास काळी होते का?"

तिने चादर सारखी केली. मग म्हणाली, "दोन दिवस झाले. पण रंग बघ ना त्याचा."

मी फोन काढला. ती माझ्या मनगटावर झडपली. "कुणाला लावतेस? घेऊन जातील त्याला. आता, चांगला होत असताना?"

तेव्हा आई बोलली. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, दांडा धरून.

"राकेले, माझ्याकडे बघ. माझ्या हातांवर कसलीही खूण नाही. ते गोळ्यांचं आहे. टोमॅटोचा अर्क आहे, टपालाने येतो. मी मोजमाप न ठेवता खाल्ल्या आणि माझी कातडी रंगली. त्याचीही तशीच रंगली आहे. आतून तो होता तसाच आहे."

"खोटं."

"तसाच आहे, पोरी."

"तुमचा परत आला!" राकेले किंचाळली. "मेलेला, पुरलेला, तो तुमच्याकडे येऊन बसतो. माझा तर इथे श्वास घेतोय. त्याने का येऊ नये?"

आईचे ओठ हलले. मला वाटलं ती आता म्हणेल की हो, साबातो येतो, खोकतो, मी ऐकलंय. मीही ऐकलं होतं. पण ती म्हणाली, "तो आला नाही. मी आणला होता. लोरे, फोन लाव."

रुग्णवाहिकेतून नेताना गल्लीतल्या बायका कमानीत जमल्या होत्या. एमिद्योचा चेहरा बघून एकीने हात जोडले. "उठला!" ती म्हणाली.

त्याच्या पोटात रक्तस्राव होत होता. दोन बाटल्या रक्त चढवलं, इंजेक्शनं थांबवली, दुर्बीण घालून जखम बंद केली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर इओव्हिने आम्हाला बाकावर येऊन भेटल्या. आईने आधीच त्यांना सगळं सांगितलं होतं, बूट आणि पट्ट्यांसकट.

"गोळ्यांनीच झालं का?" राकेलेने विचारलं. ती आईच्या विरुद्ध टोकाला बसली होती.

"मी एका गोष्टीवर बोट ठेवणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पोटात जखम आपोआपही होते. वरून रक्त पातळ करायचं इंजेक्शन. आणि त्यात हे, रोज, तिप्पट, नळीतून. जेवणात टोमॅटो आला तर मी कुणाला अडवत नाही. पण डब्यात दाबून भरलेली गोष्ट वेगळी असते. ती कुणाला चालते, कुणाला नाही, हे विचारावं लागतं. तुम्हाला मी विचारलं होतं, दोन्ना ओर्तेन्सिया."

"विचारलं होतं," आई म्हणाली.

"वाचेल तो?" राकेलेने विचारलं.

"वाचेल."

"आणि रंग?"

"जाईल," त्या म्हणाल्या.

परत आल्यावर आईने खुर्ची अंगणात नेली आणि दुपारी येणाऱ्या बायकांना स्वतःच सगळं सांगितलं. उठताना तिला अजून गरगरायचं म्हणून मी शेजारी उभी होते. अर्ध्याजणींनी ऐकून मान हलवली. दोघी रडल्या. ब्रिजिदाने सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "त्या गोळ्यांच्या डब्यावर नंबर असतो का कुठे?" मग तिलाच हसू आलं, आणि सगळ्यांनाच आलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या अंगणात आवाज झाला. तरी पुढे कित्येक दिवस कुणीतरी आमच्या उंबऱ्यावर मेणबत्ती ठेवून जायचं. कोण ते कधी कळलं नाही.

मी कंपनीला फोन करून बाबांचं नाव काढून टाकलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सिन्योर क्वोमोंना आमच्या गोळ्यांचा काही त्रास झाला का?" मी म्हटलं, "नाही. ते वारले." ती म्हणाली, "कळवल्याबद्दल आभारी आहोत."

पहिले दिवस आईला फार कठीण गेले. जेवण झालं की ती आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसायची. काही न घेता. कान देऊन. मी टेबलापाशी काम करत असायचे आणि मीही कान द्यायचे, हे मी तिला सांगितलं नाही. एकदा ती बाहेर येऊन म्हणाली, "नाही खोकला." मी म्हटलं, "बरं झालं." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी परत टेबलाकडे वळले.

सप्टेंबर सरता सरता रंग उतरू लागला. आधी कपाळ, मग गाल. तळव्यांतून तो सगळ्यात शेवटी गेला. आई परत पांढुरकी आणि म्हातारी दिसायला लागली. तिच्या नाकातून रक्त येणं बंद झालं. इओव्हिनेबाईंनी तिच्या रक्ताची गोळी पुन्हा पूर्वीएवढी केली.

एमिद्यो घरी आला होता. समोरच्या घराच्या झडपा मात्र बंद असायच्या, आणि राकेले आम्हाला बघून तोंड फिरवायची. आई रोज सकाळी तिच्या दाराशी भाजलेली पावाची लादी ठेवायची. पहिल्यांदा ती तशीच राहिली, पक्ष्यांनी खाल्ली. मग ती आत जाऊ लागली. मग एके दिवशी दार थोडं उघडं होतं, तर आई आत गेली.

तिने मला नंतर सांगितलं की राकेले एकटीच त्याला कुशीवर वळवायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमत नव्हतं. आई काही न बोलता दुसऱ्या बाजूला गेली, चादरीची कड धरली, आणि दोघींनी मिळून त्याला वळवलं. दुसऱ्या दिवशी परत. त्यानंतर ती रोज जाऊ लागली. राकेले बोलत नसे. फक्त एक, दोन, तीन मोजण्याऐवजी डोकं हलवायची आणि मग दोघी मिळून ओढायच्या.

नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला मी गेले होते. दफनभूमीतून परतल्यावर आई समोर गेली, मीही तिच्या मागे गेले. एमिद्यो पांढरा झाला होता, वसंतात होता त्याहूनही. हनुवटीच्या टोकाशी थोडा पिवळट अंश होता, तोही प्रकाश पडला तरच दिसायचा. राकेले ओल्या कापडाने त्याची मान पुसत होती.

"हा रंग गेला तेव्हा मला वाटलं तो परत एकदा गेला," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणाकडे न बघता. "डॉक्टर म्हणाल्या, चांगली गोष्ट आहे. मी रोज सकाळी झडप उघडून बघायची, आज किती उतरला. रोज थोडा कमी. तुम्हाला माहीत आहे हे कसं असतं?"

"माहीत आहे," आई म्हणाली.

"तुमच्यावर मी रागावले आहे."

"रागाव."

राकेलेने कापड वाटीत पिळलं. तिने बोटं पाण्यातच ठेवली.

"दोन्ना ओर्तेन्सिया," ती शेवटी म्हणाली, "पण चांगला दिसत होता ना? ऑगस्टात?"

मी आईकडे बघितलं. मला वाटलं आता ती पुन्हा खरं काय ते समजावून सांगेल.

"फार चांगला दिसत होता," आई म्हणाली. "मला वाटलं आता उठून कॉफी मागेल."

राकेलेने मान हलवली. मग ती उठली, पलंगाच्या पलीकडे गेली आणि चादरीची कड मुठीत धरली. आईने या बाजूची धरली. मी उशा काढून घेतल्या.

"तीनवर," राकेले म्हणाली. "एक, दोन."